छिद्रांआधी त्या ट्यूबचं बघू

“ताई, मी २६ वर्षांची आहे, नाशिकजवळच्या एका गावात पतपेढीत कामाला आहे. नाकावर आणि नाकाशेजारच्या गालांवर माझी छिद्रं खूप मोठी दिसतात, अगदी कॉलेजपासून. दसऱ्याला साखरपुडा झाला. फोटो आले तेव्हा मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, ‘अगं, गालाची संत्र्याची साल झालीय.’ तेव्हापासून आरशात मला दुसरं काही दिसतच नाही. लिंबू आणि खायचा सोडा लावून झाला, वाफ झाली, बर्फ झाला, नाकावर चिकटवायच्या पट्ट्या झाल्या. साखरपुडा ठरला तेव्हा मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती. तिच्यावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं लिहिलंय. पहिल्या आठवड्यात चेहरा काचेसारखा झाला. आता अडीच महिने होतील. उन्हात गेलं की गाल लाल होऊन चुरचुरतात आणि दोन दिवस लावली नाही तर बारीक पुळ्या येतात. पार्लरवाली ‘ओपन पोअर्स क्लोज करून देते’ म्हणून सहा सिटिंगचं पॅकेज सांगतेय. लग्न फेब्रुवारीच्या शेवटी आहे. छिद्रं कायमची बंद कशी करायची?”

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सगळं पत्र छिद्रांबद्दल आहे, पण मला काळजी वाटली ती ट्यूबबद्दलच्या त्या चार ओळींची. म्हणून आधी त्यावर बोलते.

तू ट्यूबवरची नावं नीट उतरवून पाठवलीस हे फार बरं केलंस. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. ही तीन औषधं एकत्र असलेलं मलम वांगासाठी असतं, तेही त्वचेच्या डॉक्टरांनी तपासून, मोजक्या आठवड्यांपुरतं. छिद्रांसाठी ते नाही आणि रंग उजळावा म्हणूनही नाही. पहिल्या आठवड्यात चेहरा काचेसारखा का झाला? स्टेरॉइड लावलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि सूज दबते, आणि सोबतच्या दोन औषधांनी रंग फिकट होतो. आरशात बघणाऱ्याला वाटतं, औषध लागू पडलं. पण लावत राहिलं की त्वचा आतून पातळ होत जाते. तिला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन कमी होतं. छिद्राची कडही त्याच कोलॅजनच्या आधाराने ताठ राहते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी तू हे लावतेस, तीच तक्रार यामुळे वाढू शकते. ऊन न सोसणं, चुरचुर, लावायचं थांबलं की येणाऱ्या पुळ्या, ही सगळी लक्षणं मी ओपीडीत इतक्या मुलींच्या चेहऱ्यावर पाहिली आहेत की तुझा चेहरा न पाहताही मला तो दिसतोय.

याचा खरा फास असा आहे. मलम थांबवलं की दबलेली लाली उसळून वर येते. चार दिवस चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. मुलगी घाबरते, पुन्हा ट्यूब लावते, दोन दिवसांत सगळं शांत होतं आणि तिची खात्री पटते की ट्यूबशिवाय आपलं चालणार नाही. असं करत वर्षं निघून जातात. मग गालांवर लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं, लव वाढते. केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवर लावायच्या १४ स्टेरॉइड औषधांना शेड्यूल एच लागू केलं. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी काउंटरवर नुसतं ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हटलं की ती हातात पडतात. यात तुझी चूक नाही. तू विश्वासाने मागितलंस.

तर या आठवड्यात एक सुट्टी टाक आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. नाव पाहून नको, पाटीवरची पदवी पाहून जा: त्वचारोगातलं एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल. खासगीत जमणार नसेल तर नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून दाखव. ट्यूब फेकू नकोस, ती सोबत ने. किती दिवस लावली, दिवसातून किती वेळा, सगळं सांग. ती एकदम बंद करायची की हळूहळू, हे ते चेहरा बघून ठरवतील. थांबवल्यावर लाली आली तर कोणतं औषध द्यायचं हेही त्यांच्याच हातात असतं. हे झाल्याशिवाय मी खाली जे सांगणार आहे त्यातलं कुठलंही ॲसिड किंवा जेल लावू नकोस. पातळ झालेल्या त्वचेवर ते भाजल्यासारखं लागेल.

आता छिद्रं.

तळहात डोळ्यांजवळ घेऊन बघ. कितीही निरखलंस तरी नाकावर दिसतात तशी छिद्रं तिथे दिसणार नाहीत. घामाची अतिसूक्ष्म तोंडं तिथे आहेत, पण केस नाही आणि तेलाची ग्रंथीही नाही. आता नाक बघ. तिथल्या प्रत्येक ठिपक्याखाली एका बारीक लवेचं मूळ असतं आणि त्या मुळाला लगडलेली तैलग्रंथी असते. लव नाजूक, ग्रंथी मात्र मोठी. ग्रंथीतलं तेल ज्या तोंडातून बाहेर येतं, त्याला आपण छिद्र म्हणतो. चेहऱ्यावर एका चौरस सेंटीमीटरमध्ये अशा ४०० ते ९०० ग्रंथी असू शकतात, आणि सगळ्यात मोठ्या असतात त्या नाक, कपाळ आणि नाकाशेजारच्या गालावर. तुझी तक्रार नेमकी तिथलीच आहे.

या तोंडाला उघडझाप करणारा स्नायू नसतो. म्हणून वाफेने ते उघडत नाही आणि बर्फाने मिटत नाही. वाफेने आतलं साठलेलं तेल मऊ पडतं, एवढंच. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, आजूबाजूची त्वचा थोडा वेळ ताणल्यासारखी वाटते आणि चेहरा कोमट झाला की पुन्हा होतं तसंच होतं. पार्लरमधला ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हा शब्दच चुकीचा आहे. आणि समजा कोणी खरंच ती बंद करू शकलं असतं, तर तेल आतच तुंबून तुझा चेहरा मुरमांनी भरला असता. म्हणून तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे, की कायमची बंद होत नाहीत. लहान दिसतील असं मात्र नक्की करता येतं, आणि तुझ्या वयात ते चांगलं जमतं.

छिद्र मोठं दिसण्याला तीन गोष्टी कारण असतात. ग्रंथी किती तेल सोडते, तोंडाशी तेल आणि मृत पेशींचा किती गोळा साचतो, आणि कडेची त्वचा किती घट्ट आहे. पहिलं बरंचसं घराण्यातून येतं. घरी गेलीस की वडिलांचं किंवा आईचं नाक उजेडात बघ, बहुतेक तुला तुझंच नाक दिसेल. त्यात बदल थोडाच होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीवर मात्र आपला हात चालतो.

तू नाकावर पट्ट्या चिकटवतेस, म्हणजे तिथले राखाडी ठिपके ब्लॅकहेड्सच आहेत असं तू धरून चालली असशील. दोन्ही बाजूंनी दाबलं की बारीक शेवयांसारखं पिवळट काही बाहेर येतं, असं असेल तर ते ब्लॅकहेड्स नाहीत. तेल नळीतून वर येताना तिथल्या पेशींसोबत त्याचा एक धागा तयार होतो. तो प्रत्येकाच्या नाकात असतो, माझ्याही आहे. काढला की काही आठवड्यांत पुन्हा भरतो, कारण ते त्या नळीचं रोजचं कामच आहे. ब्लॅकहेड निराळा. तो मोठा, काळा आणि घट्ट बुचासारखा असतो, आणि त्याचा काळेपणा मळाचा नसतो. आतलं रंगद्रव्य आणि तेल हवेला लागून काळं पडतं, म्हणून कितीही घासलं तरी तो जात नाही. चिकटपट्टीने या धाग्यांची फक्त वरची टोकं उपटली जातात. दर आठवड्याला ती ओढून, नखांनी दाबून कड दुखावली की तिथे डाग राहतो, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो डाग महिनोन्महिने जात नाही.

लिंबू आणि सोडा आजपासून बंद. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साधारण ५ पीएचच्या आसपास. लिंबाचा रस त्याहून कितीतरी तीव्र आणि सोडा अगदी उलट टोकाला. एकामागून एक दोन्ही लावले की वरचा रक्षणाचा थर उसवतो. लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे उठतात, ते वेगळंच. मुलतानी मातीवर माझा राग नाही. ती तेल शोषते, आठवड्यातून एकदा, पूर्ण कडक होऊन तडकायच्या आत धुतली तर तेलकट त्वचेला चालते. पण तीही तुझे गाल शांत झाल्यावर. दिवाळी तोंडावर आहे, म्हणून उटण्याचंही सांगते: अभ्यंगाला अंगाला खुशाल लाव, चेहऱ्याला यंदा नको. नागरमोथा-कचोऱ्याची ती भरड लाल झालेल्या गालाला टोचते.

सुरुवातीचे तीन-चार आठवडे फक्त तीन गोष्टी. सकाळ-संध्याकाळ फेस नसलेला किंवा कमी फेसाचा, बिनवासाचा फेसवॉश. नंतर साधं मॉइश्चरायझर, जेलसारखं हलकं, डब्यावर ‘नॉन-कोमेडोजेनिक’ असं लिहिलेलं, म्हणजे छिद्रं न तुंबवणारं. चेहरा तेलकट आहे म्हणून तू ते लावत नसशील, असा माझा अंदाज आहे. पण कोरडी पडलेली कड जास्त उठून दिसते. तिसरं सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा ५०, यूव्हीए, म्हणजे उन्हातल्या त्वचेत खोल जाणाऱ्या किरणांपासूनही संरक्षण देणारं. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीभर रेघ काढ, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला मिळून लागतं. तू बहुतेक तांदळाएवढं लावत असशील, सगळेच तसंच लावतात. उन्हात असशील तर दोन-दोन तासांनी पुन्हा.

सनस्क्रीनवर मी एवढा जोर देतेय, कारण ऊन वर्षानुवर्षं कोलॅजन मोडत राहतं आणि छिद्राची कड सैल होते. पंचविशी-तिशीत तेलामुळे गोल दिसणारी छिद्रं पुढे चाळिशीत लांबट, ओघळल्यासारखी दिसतात ती याने. यूव्हीए खिडकीच्या काचेतूनही येतं. स्कूटीवरून जाताना तोंडाला बांधतेस तो स्कार्फ चांगलाच आहे, फक्त रोज धुतलेला असू दे. दिवसभराचा घाम आणि धूळ मुरलेला तोच कापडाचा तुकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा गालावर दाबला जातो.

डॉक्टरांनी त्वचा सावरली असं म्हटलं की पुढची पायरी सॅलिसिलिक ॲसिडची. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्राच्या आत जाऊन साचलेला गोळा सैल करू शकतं. घासून फक्त वरचं वरचं निघतं, अक्रोडाच्या टरफलाचे स्क्रब म्हणूनच निरुपयोगी. २ टक्क्यांपर्यंतचं घ्यायचं. आठवड्यातून दोन रात्री, सोसलं तर तीन. चेहरा ताणल्यासारखा वाटला, सोलवटला, तर एक पाऊल मागे. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचार. दिवसा हवं तर ४-५ टक्के नायसिनामाइडचं सीरम लाव. त्याने तेल थोडं आटोक्यात राहतं आणि डागही थोडे फिके होतात. चमत्काराची अपेक्षा ठेवू नकोस आणि १० टक्क्यांचं घेण्याची गरज नाही.

खरा फरक पडतो तो रेटिनॉइडने, म्हणजे अ जीवनसत्त्वाशी नातं असलेल्या औषधांनी. ॲडापलीन ०.१ टक्का हे त्यातलं सौम्य. नळीतल्या पेशी नीट सुट्या होऊन बाहेर पडाव्यात, गोळा साचू नये, आणि हळूहळू कडेचं कोलॅजन वाढावं, ही तिन्ही कामं या एका गटातली औषधं करतात. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढा एकच ठिपका पूर्ण चेहऱ्याला. आधी मॉइश्चरायझर, मग हे, असं केलंस तर जळजळ कमी होते. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड सुद्धा नको, आठवड्यातून दोनदाच. सॅलिसिलिक आणि हे एकाच रात्री लावायचं नाही. निकाल दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. पण हे औषध सुरू करायचं की नाही, आणि कधी, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरव, कारण याच गटातलं ट्रेटिनॉइन तुझ्या ट्यूबमध्ये होतंच आणि तुझी त्वचा आधीच दमलेली आहे. आणखी दोन सूचना. लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर या गटातलं काहीही त्याआधी थांबवायचं. आणि वरच्या ओठाचं वॅक्सिंग करायचं असेल तर निदान आठवडाभर आधी ते बंद ठेवायचं, नाहीतर मेणासोबत साल निघते. हे मी नवऱ्या मुलींच्या बाबतीत लग्नाच्या दोन दिवस आधी पाहिलं आहे, म्हणून इतकं बजावून सांगते. मैत्रिणी मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवतील. त्या गरोदरपणात बाळाला गंभीर व्यंग करू शकतात. स्वतःच्या मनाने एकही घ्यायची नाही.

पार्लरच्या पॅकेजला नाही म्हण. छिद्रांवर मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं) आणि फ्रॅक्शनल लेझर असे उपचार खरोखर आहेत आणि त्यांनी काही जणांना फरक पडतो, पण ते त्वचेच्या डॉक्टरांनी करायचे. आपल्या रंगाच्या त्वचेवर घाईने केले तर काळे डाग मागे राहतात. स्टेरॉइडने पातळ झालेल्या चेहऱ्यावर चार महिन्यांत ते उरकायचा विचारही नको. जानेवारीच्या शेवटापासून लग्नापर्यंत नवीन काहीच नको: नवा फेशियल नको, नवं क्रीम नको, पील नको.

एक विचारायचं राहिलं. पाळी नियमित येते का? हनुवटीवर राठ केस, पाळी दोन-दोन महिने पुढे जाणं, अचानक वाढलेलं वजन, यातलं काही तेलकटपणासोबत असेल तर डॉक्टरांना सांग, पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी आणि त्वचेवर परिणाम करणाऱ्या त्रासाची, तपासणी करून घेतील. खाण्याबद्दल एवढंच, की मुरमं येत असतील तर गोड आणि मैदा कमी कर. रविवारी डोक्याला खोबरेल लावतेस ते केसांतच राहू दे, कपाळावर ओघळू देऊ नकोस. त्या रात्रीची उशीची खोळही सकाळी बदल.

आता फोटोंचं. साखरपुड्यातले फोटो मोबाइलवर जवळून काढलेले असतील. मोबाइलची लेन्स रुंद कोनाची असते, हातभर अंतरावरून चेहऱ्याचा मधला भाग, म्हणजे नाक आणि नाकाशेजारचे गाल, प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसतात. त्यातच कोपऱ्यातून एका बाजूने प्रखर दिवा पडला की प्रत्येक छिद्राची सावली उमटते. ओपीडीत मी कधीकधी मुलींना भिंगाचा आरसा बाजूला ठेवायला लावते आणि दोन हातांवरून साध्या आरशात बघायला सांगते. ‘आता दाखव कुठे आहेत,’ म्हटलं की बोट गालावर जातं आणि मग शोधावं लागतं. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने, तुझ्या पतपेढीतल्या माणसांनी, रोज समोर येणाऱ्या सगळ्यांनी तुला पाहिलंय ते याच अंतरावरून. भिंगाचा आरसा असेल तर तो महिनाभर कपाटात ठेव. लग्नाच्या दिवशी मेकअप करणाऱ्या ताईंना सिलिकोनचा प्राइमर फक्त नाक-गालांवर थापटून लावायला सांग आणि वर पावडर कमी. पावडरचे थर छिद्रांत बसतात आणि दुपारी घामाने ती जास्त ठळक होतात. त्यांच्याकडून एकदा आधी, डिसेंबर-जानेवारीत, तेच सगळं लावून दिवसभर ठेवून बघ.

आणि हळद. रेटिनॉइड लावत असशील तर हळदीच्या आठवडाभर आधीपासून बंद. हळद दुधात किंवा तेलात कालवलेली असू दे, तिच्यात लिंबू, दही, बेसन घालून ‘उजळण्यासाठी’ म्हणून कोणी आणलं तर आईला पुढे कर आणि नको म्हणू दे. गालाला ती घासायची नाही, नुसती टेकवायची. मावशी हळद लावायला येईल तेव्हा तिलाही सांग, मावशी, हळू हाताने.